बेसबॉल कीर्तिमंदिर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बेसबॉल या खेळात असाधारण कर्तृत्व गाजविलेले खेळाडू, व्यवस्थापक, पंच व संघटक यांचे चिरस्मारक. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन या गावी ते असून ‘नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम अँड म्युझियम’ हे त्याचे अधिकृत नाव आहे. निवडून आलेल्या प्रत्येकाची उठावातील मुखाकृती व कामगिरीचा त्रोटक परिचय असलेला ब्राँझचा फलक तेथील दालनात लावण्यात येतो. २०२५ च्या समारंभापर्यंत अशा व्यक्तींची संख्या ३५१ झाली. मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक सामन्यांत आजवर वीस हजारांहून अधिक खेळाडू खेळले, त्यांपैकी सु. एक टक्का खेळाडूंनाच हा मान लाभला आहे. मान मिळाल्यावर खेळाडूच्या हाती पैसा वा अधिकार येत नाही. तरीही अमेरिकन क्रीडाजगतात याहून मोठी प्रतिष्ठा क्वचितच मानली जाते.

हा मान कोणी द्यावयाचा, हा प्रश्न मात्र स्थापनेपासून मिटलेला नाही. मत देतात वृत्तपत्रांतील क्रीडालेखक. मत कोणाला देता येईल हे ठरविते संस्थेचे संचालक मंडळ. आणि लेखकांनी मागे ठेवलेल्यांचा फेरविचार करते तिसरीच एक समिती. या तिघांच्या ओढाताणीतून आजची निवडपद्धती घडली असून तिच्यातील बहुतेक महत्त्वाच्या नियमांमागे कोणा ना कोणा खेळाडूचे प्रकरण उभे आहे.

उगम : थोर पुरुषांचे सामुदायिक स्मारक उभारण्याची कल्पना जुनी आहे. बव्हेरियाचा राजा पहिला लूटव्हिख याने उभारलेले वालहाला हे स्मारक १८४२ मध्ये खुले झाले. त्यात जर्मन भाषक थोरांचे अर्धपुतळे आहेत. पण ती निवड राजाची होती. मतदानाने थोरवी ठरविण्याचा प्रयोग न्यूयॉर्क विद्यापीठाने १९०० मध्ये ‘हॉल ऑफ फेम फॉर ग्रेट अमेरिकन्स’ हे स्मारक स्थापून केला. त्यासाठी देशातील नामवंतांचे एक मतदारमंडळ नेमण्यात आले आणि पहिल्या वर्षी २९ नावे निवडली गेली. बेसबॉलच्या नॅशनल लीगचा अध्यक्ष फोर्ड फ्रिक याने हे स्मारक पाहिलेले होते व कूपर्सटाउनची योजना त्याच्यापुढे आली, तेव्हा खेळाडूंसाठीही असेच काही करावे, असे त्याने सुचविले.

कूपर्सटाउनचीच निवड होण्यामागे एक आख्यायिका आहे. बेसबॉल हा खेळ इंग्लंडमधील राउंडर्ससारख्या चेंडूफळीच्या खेळांतून आला की तो अस्सल अमेरिकन आहे, असा वाद विसाव्या शतकाच्या प्रारंभी रंगला होता. क्रीडासाहित्याचा उत्पादक व माजी खेळाडू ॲल्बर्ट स्पॉल्डिंग याच्या पुढाकाराने १९०५ मध्ये त्याच्या निर्णयासाठी मिल्स आयोग नेमण्यात आला. ॲब्नर ग्रेव्ह्‌झ या वृद्ध अभियंत्याने धाडलेल्या पत्रावर विसंबून आयोगाने असा निर्वाळा दिला, की ॲब्नर डबलडे (१८१९–९३) याने १८३९ मध्ये कूपर्सटाउन येथे हा खेळ प्रथम रचला. डबलडे हा पुढे यादवी युद्धात नावाजलेला सेनानी. पण १८३९ मध्ये तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता आणि बेसबॉल आपण शोधला असे त्याने हयातीत कोठेही म्हटलेले नाही. इतिहासकारांनी ही कथा केव्हाच निकालात काढली आहे.

तथापि गावाने ती उचलून धरली. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीतून आलेल्या कौटुंबिक संपत्तीचा वारस स्टीव्हन क्लार्क हा कूपर्सटाउनचा रहिवासी होता. मंदीच्या काळात गावाकडे प्रवासी यावेत, ही त्याची इच्छा होती. जवळच्या फ्लाय क्रीक या खेड्यातील एका शेतघरात जुनी पेटी सापडली. तीत टाके उसवलेला, कापडाच्या चिंध्या भरलेला एक चेंडू होता. क्लार्कने तो १९३५ मध्ये पाच डॉलरला विकत घेतला. ‘डबलडे चेंडू’ म्हणून तो लोकांना दाखविला जाऊ लागला आणि क्लार्कचा सहकारी अलेक्झांडर क्लिलंड याने संग्रहालयाची कल्पना पुढे रेटली. खेळाच्या कथित शताब्दीच्या मुहूर्तावर १२ जून १९३९ रोजी वास्तूचे उद्‌घाटन झाले. ज्याच्या नावावर हे सर्व उभे राहिले, त्या डबलडेची निवड मात्र कीर्तिमंदिरात कधीच झाली नाही. उलट, न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबाच्या १८४५ मधील नियमांशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या अलेक्झांडर कार्टराइट याला १९३८ मध्येच, म्हणजे उद्‌घाटनापूर्वी, तेथे स्थान देण्यात आले. आख्यायिका चालविणाऱ्यांनाही तिचा पुरता भरवसा नव्हता, असेच यावरून दिसते.

पहिली निवडणूक : मतदानाचे काम अमेरिकेच्या बेसबॉल लेखक संघाकडे देण्यात आले. ही संघटना १९०८ मध्ये स्थापन झालेली होती. दूरचित्रवाणी नव्हती, नभोवाणी नवी होती. देशभरच्या मैदानांवर हिंडून वर्षानुवर्षे सामने प्रत्यक्ष पाहणारा वर्ग म्हणजे वृत्तपत्रांचे क्रीडावार्ताहर. म्हणून त्या काळी ही योजना सयुक्तिकच होती. प्रत्येक लेखकाने जास्तीत जास्त दहा नावे लिहावीत व एकूण मतपत्रिकांपैकी ७५ टक्क्यांवर नाव असेल तोच निवडला जावा, असा दंडक घालण्यात आला. साधे बहुमत न घेता तीनचतुर्थांशांची अट घालण्याचा हा निर्णय पुढील साऱ्या इतिहासाचे मूळ होय. बहुसंख्य लेखक अनुकूल असूनही एखादा खेळाडू आयुष्यभर बाहेर राहू शकतो, तो या अटीमुळे.

१९३६ च्या या निवडणुकीत २२६ मतपत्रिका आल्या. निवडीसाठी १७० मते आवश्यक होती. टाय कॉब (१८८६–१९६१) याला २२२, बेब रूथ (१८९५–१९४८) व होनस वॅग्नर (१८७४–१९५५) यांना प्रत्येकी २१५, क्रिस्टी मॅथ्यूसन (१८८०–१९२५) याला २०५ व वॉल्टर जॉन्सन (१८८७–१९४६) याला १८९ मते मिळाली. हे पाच पहिले मानकरी. बेब रूथ हा आदल्याच वर्षी निवृत्त झालेला, त्याच्या लोकप्रियतेला तोड नव्हती. तरी अकरा लेखकांनी दहा नावांतही त्याला धरले नाही.

एकोणिसाव्या शतकातील खेळाडूंसाठी त्याच वेळी ७८ जाणत्या व्यक्तींचे वेगळे मतदान घेण्यात आले. सूचना नीट न कळल्याने काहींनी पाच, तर काहींनी दहा नावे लिहिली व मोजणी अर्ध्या मतांवर आली. निवडीला ५९ मते हवी होती. सर्वाधिक मते मिळविणाऱ्या कॅप ॲन्सन व बक युइंग यांनाही साडेएकोणचाळीसपलीकडे जाता आले नाही. या दुहेरी योजनेचा खरा फटका बसला तो साय यंग (१८६७–१९५५) याला. यंग हा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा खेळाडू. त्याच्या नावावरचा ५११ विजयांचा उच्चांक आजही अबाधित असून सर्वोत्तम पिचरला दरवर्षी मिळणारे पारितोषिक त्याच्याच नावाने दिले जाते. पण त्याची कारकीर्द १८९० ते १९११ अशी दोन शतकांत विभागलेली. लेखकांना तो जुन्या पिढीचा वाटला, जुन्या जाणत्यांना नव्या. एकीकडे त्याला १११ व दुसरीकडे साडेबत्तीस मते मिळून तो दोन्हीकडे पडला. पुढच्या वर्षी २०१ पैकी १५३ मते मिळवून, म्हणजे आवश्यकतेपेक्षा अवघी दोन अधिक मिळवून, तो आत आला.

मतदानाचे नियम : लेखक संघाचा जो सदस्य सलग दहा वर्षे सदस्य राहिला आहे, त्याला मताधिकार मिळतो. उमेदवार मेजर लीगमध्ये किमान दहा हंगाम खेळलेला असावा व निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटलेली असावीत. मतपत्रिकेवर कोणाची नावे छापावीत हे लेखकांचीच एक छाननी समिती ठरविते. मतदार दहापर्यंत कितीही नावांपुढे खूण करू शकतो. एकही खूण न करता सही केलेली कोरी मतपत्रिका धाडली, तरी ती एकूण मतांत मोजली जाते. त्यामुळे कोरी मतपत्रिका म्हणजे तटस्थता नव्हे, तर साऱ्यांविरुद्ध मत होय. ७५ टक्के मते न मिळालेला उमेदवार पुढील वर्षी पुन्हा उभा राहतो. मात्र पाच टक्क्यांहून कमी मते मिळाल्यास त्याचे नाव कायमचे वगळले जाते.

प्रारंभी निवृत्तीनंतर थांबण्याची अट नव्हती. खेळत असलेल्यांनाही मते पडत. पाच वर्षांचा नियम १९५४ मध्ये आला. त्याला अपवाद करावा लागला तो रॉबेर्तो क्लेमेंते (१९३४–७२) याच्यासाठी. प्वेर्त रीकोचा हा खेळाडू निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदतसामग्री घेऊन जात असताना ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान कोसळून मृत्यू पावला. तीनच महिन्यांत खास मतदान घेण्यात आले व ४२४ पैकी ३९३ मतांनी तो निवडला गेला. त्यानंतर मृत खेळाडूच्या बाबतीत पाच वर्षांऐवजी सहा महिन्यांची मुदत पुरेशी मानण्यात आली. त्याआधी, १९३९ मध्ये, असाध्य व्याधीने खेळ सोडावा लागलेल्या लू गेरिग (१९०३–४१) याचीही निवड त्याच वर्षी खास ठरावाने झालेली होती.

पुनःपुन्हा उभे राहण्याच्या मुभेमुळे एक विलक्षण प्रकार घडतो. खेळाडू निवृत्त झालेला असतो, त्याच्या आकड्यांत भर पडण्याची शक्यता नसते, तरी त्याची मते वाढत जातात. बर्ट ब्लायलेव्हन याला १९९८ मध्ये १७.५ टक्के मते होती. २०११ मध्ये, चौदाव्या प्रयत्नात, ती ७९.७ टक्के झाली. लॅरी वॉकर २०१४ मध्ये १०.२ टक्क्यांवर होता आणि २०२० मध्ये, शेवटच्या संधीत, ७६.६ टक्क्यांनी निवडून आला. यात मतदारांची चंचलता जशी आहे, तशी सांख्यिकीय विश्लेषणाची प्रगतीही आहे. पिचरचे विजय व फलंदाजाची सरासरी या जुन्या मोजमापांपलीकडे जाऊन खेळाडूचे संघाला झालेले एकूण साहाय्य मोजण्याच्या रीती रूढ झाल्या, तेव्हा दुर्लक्षितांचे मोल नव्याने ध्यानात आले. उमेदवारीची मुदत पूर्वी पंधरा वर्षे होती. संचालक मंडळाने २०१४ मध्ये ती दहावर आणली. ब्लायलेव्हनला हा नियम लागू असता, तर लेखकांच्या मतांनी तो निवडून आलाच नसता.

चारित्र्याची कसोटी : १९४५ पासून मतदारांना एक मार्गदर्शक नियम देण्यात आला. खेळातील नोंदी, क्रीडाकौशल्य, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघाला दिलेले योगदान या सहा गोष्टी पाहून मत द्यावे, असा त्याचा आशय आहे. या सहांपैकी तीन गोष्टी मैदानावरील आकड्यांत मोजता येत नाहीत. बेसबॉलचा पहिला आयुक्त केनिसॉ माउंटन लँडिस (१८६६–१९४४) याच्या शिस्तप्रिय कारकिर्दीचा ठसा या नियमावर स्पष्ट दिसतो. १९१९ च्या अंतिम मालिकेत पैसे घेऊन सामने हरल्याच्या प्रकरणात ‘शूलेस’ जो जॅक्सन (१८८७–१९५१) याच्यासह आठ खेळाडूंना त्याने आजन्म बाहेर काढले होते. लँडिस स्वतः मृत्यूनंतर काही दिवसांतच कीर्तिमंदिरात दाखल झाला. त्याच्या चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला मेजर लीगमध्ये पाऊल टाकता आले नाही, ही गोष्ट त्या वेळी चारित्र्याच्या सदरात मोडत नव्हती.

कृष्णवर्णीय खेळाडूंचा प्रश्न : दहा हंगामांची अट कागदावर निरुपद्रवी दिसते, पण कृष्णवर्णीयांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत मेजर लीग बंद होती. त्यांनी आपल्या स्वतंत्र निग्रो लीग उभ्या केल्या, अपुऱ्या साधनांनिशी देशभर दौरे केले. त्यांच्या सामन्यांच्या नोंदी मोठ्या वृत्तपत्रांतून क्वचितच येत. आधी दार बंद करावयाचे आणि मग आत घालविलेली वर्षे मोजावयाची, असा हा न्याय होता.

बंदी मोडणारा पहिला खेळाडू जॅकी रॉबिन्सन (१९१९–७२). तो दहाच हंगाम खेळला व १९६२ मध्ये पहिल्याच प्रयत्नात निवडून आला. तथापि १६० पैकी त्याला १२४ मते पडली, म्हणजे आवश्यकतेपेक्षा केवळ चार अधिक. रॉबिन्सनपूर्व पिढीचा विचार सुरू झाला तो एका गौरवर्णीय खेळाडूच्या भाषणामुळे. टेड विल्यम्स याने जुलै १९६६ मध्ये स्वतःच्या सत्कारसमारंभात सॅचेल पेज (१९०६–८२) व जॉश गिब्सन (१९११–४७) यांची नावे घेऊन, संधी न मिळालेल्या या थोर निग्रो लीग खेळाडूंनाही येथे स्थान मिळावे, अशी इच्छा व्यक्त केली. असे काही तेथे पूर्वी बोलले गेले नव्हते.

पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, आयुक्त बोई कून याने खास समिती नेमली व पेजची निवड जाहीर झाली. पेजला मेजर लीगमध्ये पहिली संधी १९४८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, मिळाली होती. दहा हंगाम भरणे शक्यच नव्हते. म्हणून त्याचा फलक मुख्य दालनात न लावता संग्रहालयाच्या वेगळ्या भागात ठेवावा, असे प्रथम ठरले. आगगाडीतील वेगळ्या डब्यांची आठवण करून देणाऱ्या या तोडग्यावर वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली आणि जुलैमध्ये निर्णय फिरविण्यात आला. ९ ऑगस्ट १९७१ रोजी पेज इतरांच्या बरोबरीने दाखल झाला. गिब्सनची निवड पुढच्या वर्षी झाली. त्याला जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. नऊ खेळाडू निवडून या समितीचे काम १९७७ मध्ये थांबले.

त्यानंतरची प्रगती मंद होती. नव्या संशोधनाच्या आधारे २००६ मध्ये बारा अभ्यासकांच्या समितीने ३९ नावांतून १७ जणांची निवड केली. त्यांत न्यूअर्क ईगल्स या संघाची सहमालक एफा मॅन्ली (१८९७–१९८१) ही होती. कीर्तिमंदिरातील ती पहिली व आजवरची एकमेव स्त्री होय. या यादीतून वगळला गेला तो बक ओनील (१९११–२००६). खेळाडू, व्यवस्थापक, मेजर लीगमधील पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक आणि निग्रो लीगची स्मृती गावोगाव जाऊन जागविणारा हा वृद्ध गृहस्थ निवडला जाईलच, असे सर्वांनी गृहीत धरले होते. निवडले गेलेले सतराही जण हयात नव्हते. त्यांच्या वतीने समारंभात बोलण्याची विनंती ओनीललाच करण्यात आली. वयाच्या ९४ व्या वर्षी त्याने ती स्वीकारली, कडवटपणाचा शब्द न काढता भाषण केले व श्रोत्यांना एकमेकांचे हात धरून गाणे म्हणावयास लावले. सव्वादोन महिन्यांनी तो निवर्तला. त्याची निवड डिसेंबर २०२१ मध्ये झाली. मध्यंतरी, २०२० मध्ये, बेसबॉलच्या नियामकांनी १९२० ते १९४८ मधील निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला. त्या नोंदी २०२४ मध्ये एकत्र करण्यात आल्या, तेव्हा आजन्म फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉबला मागे टाकून जॉश गिब्सन पहिल्या क्रमांकावर आला.

ज्येष्ठांची समिती : लेखकांच्या हातून सुटलेल्यांसाठी, तसेच व्यवस्थापक, पंच व संघटक यांच्यासाठी, वेगळी समिती असावी ही कल्पना प्रारंभापासूनची, तिचे स्वरूप व नाव मात्र वारंवार बदलले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लेखकांकडून फारशी निवड होईना, म्हणून समितीने १९४५ मध्ये दहा व १९४६ मध्ये अकरा जुने खेळाडू एकदम निवडले. त्यांतील काहींची योग्यता आजही शंकास्पद मानली जाते. १९५३ मध्ये समितीला स्थायी रूप आले. छोट्या, बंद खोलीत बसणाऱ्या समितीचा धोका फ्रँकी फ्रिश याच्या काळात उघड झाला. स्वतः नामांकित खेळाडू असलेला फ्रिश १९६७ मध्ये सदस्य झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत न्यूयॉर्क जायंट्स व सेंट लूइस कार्डिनल्स या संघांतील त्याचे जुने सोबती, उदा., जेसी हेन्झ, डेव्ह बँक्रॉफ्ट, चिक हेफी, रॉस यंग्झ, जॉर्ज केली, एकामागून एक निवडले गेले. ते सामान्य खेळाडू होते असे नव्हे. पण त्यांच्या बरोबरीचे कितीतरी जण बाहेर राहिले, कारण त्यांचा मित्र त्या खोलीत नव्हता.

उलट टोकाचा प्रयोग २००१ मध्ये झाला. सर्व हयात मानकऱ्यांना मताधिकार देण्यात आला. त्यांनी २००३, २००५ व २००७ या तिन्ही निवडणुकांत एकाही खेळाडूला आत घेतले नाही. शेवटी पुन्हा छोट्या समित्यांकडे वळावे लागले. आज खेळाच्या कालखंडांनुसार सोळा सदस्यांच्या समित्या नेमल्या जातात. त्यांत मानकरी, संघचालक, लेखक व इतिहासकार असतात आणि निवडीला बारा मते लागतात. लेखकांच्या मतपत्रिकेवर दहा नावांची मुभा आहे. येथे मात्र प्रत्येक सदस्याची मते मोजकीच असल्याने एकाला दिलेले मत दुसऱ्याच्या वाट्याचे जाते.

रोझ प्रकरण : पीट रोझ (१९४१–२०२४) याने ४,२५६ यशस्वी फटके मारून कॉबचा उच्चांक मोडला. सिनसिनाटी संघाचा व्यवस्थापक असताना तो बेसबॉलवर पैज लावीत असल्याचे चौकशीत दिसून आले व ऑगस्ट १९८९ मध्ये त्याच्यावर कायमची बंदी घालण्यात आली. बंदी खेळातून होती. मतपत्रिकेबाबत नियम काहीच सांगत नव्हते. १९९२ मध्ये त्याचे नाव लेखकांपुढे येणार होते. त्याआधीच, फेब्रुवारी १९९१ मध्ये, संचालक मंडळाने अपात्र यादीतील व्यक्ती उमेदवार होऊ शकत नाही, असा नियम केला. रोझला लेखकांनी नाकारले असते की स्वीकारले असते, हे त्यामुळे कधीच कळले नाही. १९९२ मध्ये ४१ लेखकांनी त्याचे नाव हाताने लिहून धाडले. ती मते बाद ठरली. अनेक वर्षे इन्कार केल्यावर २००४ मध्ये त्याने पैजांची कबुली दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. मे २०२५ मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड याने मृत्यूबरोबर अशी बंदी संपते असा निर्णय देऊन रोझ, जॅक्सन व इतर मृत खेळाडूंना यादीतून मुक्त केले. त्यामुळे डिसेंबर २०२७ च्या समितीपुढे ही नावे येण्यास वाट मोकळी झाली आहे. ती लेखकांपुढे मात्र कधीच येणार नाहीत.

उत्तेजक द्रव्यांचा काळ : चारित्र्याच्या नियमाची खरी परीक्षा एकविसाव्या शतकात झाली. १९९० नंतर स्नायुवर्धक द्रव्यांचा वापर फैलावला, होम रनचे जुने उच्चांक कोसळले. सक्तीची चाचणी व शिक्षा मात्र २००४ पर्यंत आली नाही. १९९८ मध्ये ७० होम रन करणारा मार्क मॅग्वायर २००७ मध्ये प्रथम उभा राहिला व त्याला २३.५ टक्के मते मिळाली. २०१० मध्ये त्याने द्रव्ये घेतल्याची कबुली दिली आणि २०१६ मध्ये शेवटच्या वेळी त्याची मते १२.३ टक्क्यांवर आली. ३,०२० यशस्वी फटके व ५६९ होम रन नावावर असलेला राफाएल पाल्मेइरो २००५ च्या चाचणीत दोषी ठरला होता. २०१४ मध्ये तो पाच टक्क्यांखाली जाऊन यादीतूनच गळाला.

सर्वांत मोठा पेच बॅरी बाँड्स व रॉजर क्लेमन्स यांच्या बाबतीत पडला. बाँड्सचे ७६२ होम रन हा उच्चांक आहे. क्लेमन्स सात वेळा साय यंग पारितोषिकाचा मानकरी. दोघांवर उत्तेजकांचा आरोप, दोघांकडून जाणूनबुजून घेतल्याचा इन्कार. २०१३ मध्ये ते प्रथम उभे राहिले, तेव्हा लेखकांनी कोणालाच निवडले नाही. मतदारांत उघड दोन तट पडले. एकाचे म्हणणे, नियमात सचोटी हा शब्द आहे तोवर फसवणूक करणाऱ्याला मत देता येत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, कोणी काय घेतले हे निश्चित कळण्याचे साधन नाही आणि वार्ताहराला न्यायाधीश करणे अनुचित आहे; शिवाय त्या काळी बहुतेक लेखकांनी स्वतःही याकडे काणाडोळाच केला होता. डिसेंबर २०१६ मध्ये समितीने बड सेलिग याला निवडले. हा सारा काळ ज्याच्या आयुक्तपदाखाली गेला, तोच आत गेल्यावर खेळाडूंना बाहेर ठेवण्यात अर्थ काय, असा प्रश्न काही मतदारांनी जाहीरपणे विचारला व आपले मत बदलले. तरीही २०२२ मध्ये, दहाव्या व अखेरच्या वर्षी, बाँड्सला ६६ व क्लेमन्सला ६५.२ टक्के मते मिळाली. दर तीन मतदारांपैकी दोघांना ते हवे होते. तीनचतुर्थांशांच्या अटीपुढे ते पुरेसे ठरले नाही. पुढे सोळा सदस्यांच्या समितीनेही दोघांना डिसेंबर २०२२ व डिसेंबर २०२५ अशा दोन्ही वेळा नाकारले.

या वादांमुळे मतदारांकडेही लोकांचे लक्ष वळले. न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट यांसारखी पत्रे आपल्या वार्ताहरांना मतदान करू देत नसत. बातमी देणाऱ्याने बातमी घडवू नये, ही त्यांची भूमिका होती. वार्तांकन सोडून दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या सदस्यांचा मताधिकार संचालक मंडळाने २०१५ मध्ये काढून घेतला. त्यामुळे मतपत्रिका एका वर्षात ५४९ वरून ४४० वर आल्या. उलट, सर्व मतपत्रिका नावानिशी प्रसिद्ध कराव्यात हा लेखक संघाने २०१६ मध्ये केलेला ठराव त्याच मंडळाने फेटाळला. ज्यांना उजेडात यावयाचे आहे, ते लेखक आपली मतपत्रिका स्वतःच जाहीर करतात.

एकमताने निवड होण्यास तब्बल ८३ वर्षे लागली. कॉब, रूथ यांना न मिळालेला हा मान २०१९ मध्ये मारियानो रिव्हेरा या पनामाच्या पिचरला ४२५ पैकी ४२५ मतांनी मिळाला. पुढच्या वर्षी डेरेक जीटर ३९७ पैकी ३९६ मतांवर थांबला. २०२५ मध्ये निवडून आलेला पहिला आशियाई खेळाडू, जपानचा इचिरो सुझुकी, यालाही ३९४ पैकी ३९३ मते मिळाली. ते एकेक मत नाकारणारे कोण, हे अज्ञातच आहे.

इतर खेळांतील पद्धती : अमेरिकन फुटबॉलच्या कँटन (ओहायओ) येथील कीर्तिमंदिरात निवडसमितीचे सदस्य उमेदवारांवर चर्चा करून मत देतात. स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉल कीर्तिमंदिराच्या अंतिम समितीतील सदस्यांची नावे गुप्त राखली जातात. क्रिकेटमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ मध्ये कीर्तिमंदिर स्थापिले. त्याला कूपर्सटाउनसारखी वास्तू व मतदानाचा गाजावाजा नाही. शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर पाच वर्षे थांबण्याची अट मात्र तेथेही आहे. त्यामुळे २०१३ मध्ये निवृत्त झालेल्या सचिन तेंडुलकर यांची निवड २०१९ मध्ये झाली. सुनील गावसकर, बिशनसिंग बेदी व कपिल देव यांचा समावेश २००९ मध्येच झालेला होता. डायना एडलजी या २०२३ मध्ये तेथे स्थान मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री-खेळाडू ठरल्या. विनू मंकड यांची निवड २०२१ मध्ये झाली. मुंबईत त्यांचे निधन होऊन तेव्हा जवळजवळ ४३ वर्षे लोटली होती.